आहेर बाईंच्या घरच्या बायका

आहेर बाईंना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्या घरी कुणीतरी गेलं असावं.

नाशिकमधल्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते आणि विजया आहेर खेळाच्या शिक्षिका होत्या. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर नेहमी आम्हा बाकीच्यांच्या पिशव्या. त्या डबासुद्धा खिडकीशी उभ्यानं खायच्या, एक डोळा मैदानावर ठेवून. कुणी बसा म्हटलं तर म्हणायच्या, "बसून खाल्लेलं पोटात बसतं, उभ्यानं खाल्लेलं पायात जातं." याला शास्त्राचा काही आधार नव्हता. पण बाई इतक्या ठामपणे सांगायच्या की आमचे विज्ञानाचे सरही एकदा उभे राहून जेवले.

बाई मूळच्या मनमाडच्या. वडील रेल्वेत फिटर. मुली त्यांना मागून 'इंजिन' म्हणायच्या आणि बाईंना ते ठाऊक होतं. "मनमाडची आहे, इंजिनच असणार," एवढंच त्यावर. आवाज असा की खो-खोच्या मैदानावरून दिलेल्या हाकेला पलीकडच्या रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायचा. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. कानात सांगितलेली गोष्टही त्या मैदानावरच्या आवाजात परत विचारायच्या, "काय म्हणालात, मुख्याध्यापिका कुणावर चिडल्या?" त्यामुळे गुपितं त्यांच्यापर्यंत यायचीच नाहीत आणि त्यांनाही त्याचं दुःख नव्हतं.

अशी बाई एका उन्हाळ्यात मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली दिसली. अंगात स्वेटर. एप्रिल महिना होता.

मी जवळ गेले. "बरं नाही का?"

"काही नाही हो, शिंदे बाई. वय झालं." आवाज घोगरा झाला होता, आणि त्या चक्क हळू बोलत होत्या.

पुढच्या काही महिन्यांत बाई डोळ्यांदेखत बदलल्या. चेहरा सुजल्यासारखा झाला, भुवया कडेला विरळ झाल्या, शब्द आठवायला वेळ लागू लागला. मुलींची हजेरी घेताना मधेच थांबायच्या. स्टाफरूममध्ये हसणं सुरू झालं. इंजिन शेडमध्ये गेलं, असं कुणीतरी म्हणालं. मुख्याध्यापिकांनी सुचवलं की मैदान आता एखाद्या तरुण शिक्षिकेकडे द्यावं. बाईंना सर्वात जास्त लागलं ते हे की त्यांना स्वतःलाही ते पटत होतं. "आमच्या घरात हे आहेच," एकदा त्या मला म्हणाल्या. "माझी आजी अशीच होती. मठ्ठ म्हणायचे तिला. दिवसभर गोधडी घेऊन भिंतीला टेकलेली. मला वाटायचं मी तिच्यावर गेले नाही. शेवटी गेलेच."

आम्ही दोघी इंदिरानगरात जवळजवळच राहायचो. मी माझ्या रक्तदाबासाठी एका डॉक्टरीणबाईंकडे जायचे, तिथे एकदा बाईंना बरोबर घेऊन गेले. सोबत म्हणून, असं खोटं सांगून. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त पाहिलं. गळा चाचपला, थुंकी गिळायला सांगितली, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, पण जाग्यावर यायला त्यानं निवांत वेळ घेतला. रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी पुन्हा मलाच सोबत नेलं.

"तुमची थायरॉईड ग्रंथी फार मंदावलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ती आपोआप नाही मंदावली. आपल्या शरीरात राखणदार पेशी असतात, बाहेरच्या जंतूंशी लढायला. त्या तुमच्या स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यात."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," बाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. घरात कुणाला असं काही होतं?"

बाईंनी आजीचं सांगितलं. गोधडीचं, आणि आजीच्या गळ्याशी लिंबाएवढी गाठ होती त्याचंही. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "याच्या उलट कुणी? फार बारीक, चिडकं, हात थरथरणारं?"

बाईंनी झटकन वर पाहिलं. मग म्हणाल्या, "आत्या."

"डोळे?"

"बाहेर आलेले. आम्ही पोरं घाबरायचो."

"कुणाला कोड?"

हा प्रश्न आला आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना काही सांगताना अडखळलेलं मी पाहिलं नव्हतं. मग त्या नेहमीच्या आवाजाच्या बऱ्यापैकी जवळ जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "वडिलांना. दोन्ही हातांवर."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. राखणदार उलटण्याचा कल एकेका घराण्यात असतो. तो कुणात ग्रंथी मंद करतो, कुणात तिला चाबूक मारून पळवतो, कुणात कातडीचा रंग खातो. वारशानं येतो तो हा कल, आजार येतोच असं नाही. बायकांमध्ये जास्त उमटतो. मंद ग्रंथीला रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी पुरते. आत्यासारख्यांसाठी वेगळी औषधं असतात.

बाहेर आल्यावर बाई पायरीवर उभ्या राहिल्या. "म्हणजे आत्याला वेड लागलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्या आत्याची गोष्ट त्यांनी मला पुढे सांगितली, जॉगिंग ट्रॅकवर चालता चालता. गोळी सुरू झाल्यावर त्यांचे पाय हळूहळू परत आले होते. आत्या लग्न होऊन वर्षभरात परत आली होती, सासरच्यांनी पाठवून दिली. खायची खूप, तरी हाडं दिसायची. डिसेंबरात गार पाण्यानं अंघोळ करायची. तिच्या हातात कपबशी दिली की बशी वाजायला लागायची, म्हणून तिला चहा पितळेच्या पेल्यात देत. कुणी म्हणालं अंगात येतं, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. तिला कुठे कुठे नेलं, धुरी दिली. दवाखान्यात मात्र कुणी नेलं नाही, कारण स्वभावाला औषध नसतं असं सगळ्यांचं मत. बाई सहावीत असताना एका दुपारी आत्याचं हृदय धडधडता धडधडता थांबलं.

"आजी मठ्ठ, आत्या तापट, मी आळशी," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात प्रत्येक बाईला एकेक स्वभाव लावून दिला होता, शिंदे बाई. आजार कुणालाच नव्हता."

तेव्हापासून त्यांनी 'स्वभाव' या शब्दाशी भांडण मांडलं. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं की अमक्या मुलीचा स्वभावच रडका, की बाई कडाडायच्या, "स्वभाव म्हणण्याआधी रक्त तपासा." मैदान त्यांनी परत घेतलं, आवाजही परत आला. नववीतली एक मुलगी वर्गात सारखी पेंगायची. बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं, घराण्याची चौकशी केली, तपासणी करायला लावली. रिपोर्ट सगळे स्वच्छ आले. पोरगी रात्रभर पांघरुणात मोबाईल बघायची. बाई मनापासून हसल्या. "हिचा मात्र आळसच निघाला," असं म्हणून त्यांनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. म्हणजे होणार होतं. त्यांना एक जुळी बहीण आहे, जया, येवल्याला दिलेली. सासरी पैठणीचे हातमाग. दोघी एका बीजाच्या, तंतोतंत सारख्या. दोघींची लग्नं एकाच मांडवात ठरली होती, दोन वेगळ्या घरांत. वडिलांचे, अण्णांचे हात कुणाला दिसू नयेत म्हणून बैठकीपासून त्यांना लांब बाह्यांचा सदरा घातलेला. हळदीच्या दिवशी पंगतीआधी अण्णा हात धुवायला गेले आणि बाह्या सारल्या. बाईंच्या होणाऱ्या चुलतसासऱ्यांनी ते पाहिलं. दुपारपर्यंत ते वऱ्हाड परत गेलं. जयाच्या सासूला लोकांनी विचारलं, तुमचं काय. ती म्हणाली, "आमच्या पोरानं पोरगी पाहिली हाय, व्याह्याचे हात नाय." आणि पान वाढायला सांगितलं.

मांडवात एकच लग्न लागलं. बाई करवली म्हणून उभ्या होत्या, हातावर स्वतःच्या लग्नाची मेंदी. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा आवाजात काही हललं नाही. "मी ओरडून मंगलाष्टका म्हटल्या," त्या म्हणाल्या. "भटजींना माईक लागला नाही."

जयाताईंना मी त्यानंतर पाहिलं. बाईंच्या आजाराचं कळल्यावर त्या येवल्याहून आल्या, आणि बाईंनी त्यांना लगोलग तपासायला नेलं. जयाताईंचे रिपोर्ट उत्तम. "बघ, मला काही नाय," त्या खुशीत म्हणाल्या. एकच चेहरा, एकच नाक, आणि एकीला आजार, दुसरीला नाही. मला ते अजब वाटलं. डॉक्टरीणबाईंना नाही वाटलं. जनुकं सारखी असली तरी आयुष्य सारखं नसतं, त्या म्हणाल्या. कुठला जंतुसंसर्ग, कुठला ताण, खाणंपिणं, आणखीही काही, आणि त्यातलं सगळं आम्हालाही कळलेलं नाही.

जयाताईंची मुलगी पूर्वा नाशिकला एका औषध कंपनीत लागली आणि मावशीकडे राहायला आली. शांत, हुशार मुलगी. वर्षभरात बाईंच्या लक्षात आलं की कंगव्यात केस जास्त येतायत, सुट्टीच्या दिवशी पोरगी दुपारपर्यंत उठत नाही, पाळी मागेपुढे होते. त्यांनी विषय काढला आणि पूर्वा स्वतःच जाऊन तपासून आली. निघालं तेच. ग्रंथी अजून थोडीशीच मंदावलेली, पण राखणदार उलटल्याची खूण रक्तात स्पष्ट.

जयाताई धावत आल्या. डॉक्टरांसमोरच म्हणाल्या, "मला काही नाय, तिच्या बापाला काही नाय, मग पोरीला आलं कुठून?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडूनच आलं असेल. तुमच्यात तो कल उमटला नाही, म्हणून तो नव्हता असं नाही. तुम्ही दोघी बहिणी आतून एकच. जनुकांच्या हिशोबानं पाहिलं तर ही जितकी तुमची मुलगी, तितकीच यांची."

हे मला पूर्वानं सांगितलं. म्हणाली, रिक्षात मावशी घरापर्यंत नुसती माझा हात धरून बसली. आई मात्र पुटपुटत होती, "माय मरो मावशी जगो म्हणतात, आता डॉक्टरपण म्हणायला लागले." दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की त्या आता कागदोपत्री नाही पण रक्तोपत्री आई आहेत. पेढे आणले होते.

खरी परीक्षा पुढे आली. पूर्वासाठी नाशिकमधलंच एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. पाहण्याचा कार्यक्रम बाईंच्याच फ्लॅटवर ठरला आणि मदतीला मला बोलावलं. पोहे परतत असताना जयाताई स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं आणि बहिणीचे दोन्ही हात धरले.

"विजू, आज काही बोलू नको. तुझ्या पाया पडते."

"ती रोज गोळी घेणार आहे, जये. सासरी काय लपूनछपून घेणार?"

"लग्न होऊ दे. मग हळूहळू कळतं सगळ्यांना. सगळ्यांच्याच घरात असतं काही ना काही."

बाईंनी थोडा वेळ कढईत पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मी नाही बोलणार."

आणि बाईंनी शब्द पाळला. बैठकीत त्या इतक्या शांत बसल्या की मलाच बेचैन वाटलं. बोलली ती पूर्वा. मुलाच्या आईनं सहज विचारलं, तब्येत वगैरे ठीक ना, आणि पूर्वा म्हणाली, "मला थायरॉईड आहे. आमच्या घरात ते आहे. मावशीलाही आहे, पणजीला होतं. रोज एक गोळी घेते, बाकी काही त्रास नाही."

जयाताईंनी डोळे मिटले. मुलाची आई म्हणाली, "मुलांना होतं का मग?"

पूर्वानं मावशीकडे पाहिलं. आता विचारलं होतं, तेव्हा बाईंनी उत्तर दिलं. "होईलच असं नाही. होणारच नाही असंही नाही. मुलगी झाली तर लक्ष ठेवायचं. आधी कळलं तर काही बिघडत नाही. माझ्या आत्याला कळलं नव्हतं, म्हणून बिघडलं."

त्या माणसांनी चहा घेतला, बोलले नीट, गेले. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला, योग नाही म्हणून.

मी तेव्हा बाईंकडेच होते; जयाताई त्या दिवशी जे बोलल्या ते मी शेजारच्या खोलीतून ऐकलं. "तूच शिकवलंस तिला. तुझं मोडलं म्हणून तू माझ्या पोरीचंही मोडलंस."

 मग बाईंचा आवाज आला, आणि तो हळू होता. "माझं मोडलं ते अण्णांच्या हातांमुळे नाही, जये. बाह्यांमुळे. हात आधीच दाखवले असते तर ती माणसं बैठकीतूनच गेली असती. मला मेंदी तरी लागली नसती."

जयाताई त्याच संध्याकाळच्या एसटीनं येवल्याला गेल्या. बहिणींचं बोलणं बंद झालं. बाई शाळेत पूर्वीसारख्याच गरजायच्या, पण मोबाईल वाजला की आधी नाव बघायच्या, आणि मग आवाज किंचित उतरायचा. आपण चुकलो असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. एकदा मी विचारलं, फोन करून तुम्हीच का नाही बोलत? तर म्हणाल्या, "रोज करते. ती उचलत नाही. पण कट पण करत नाही, पूर्ण वाजू देते. म्हणजे जवळ बसलेली असते."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एक दिवस जयाताईंनी फोन उचलला. दुसरं स्थळ आलं होतं, संगमनेरचं, कार्यक्रम येवल्याला होता. "ये तू," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या त्या शिंदे बाईंना पण आण. पोहे चांगले करतात."

आम्ही गेलो. बाई कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसल्या. माणसं आली, पाणी दिलं, ओळखी झाल्या. पोह्यांचा ट्रे घेऊन मी दारात पोचते न पोचते तोच जयाताई उभ्या राहिल्या. पदर नीट केला. आवाज कापत होता, पण मोठा होता, आणि तेव्हा पहिल्यांदा मला ऐकू आलं की दोघी बहिणींचा आवाजही एकच आहे.

"खाण्याआधी ऐकून घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीला थायरॉईड हाय. आमच्या माहेरातून आलंय, माझ्याकडून. माझ्या वडलांना कोड होतं. आत्या त्याच आजारानं गेली आणि आम्ही तिला वेडी म्हणत होतो. ही माझी बहीण, हिचं लग्न हळदीला मोडलं, कारण आम्ही लपवलं होतं. आता पोहे खायचे का नाय ते तुम्ही ठरवा."

 मी ट्रे धरून दारातच. मुलाचे वडील शेतकी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांची बायको म्हणाली, "माझी पण गोळी चालूय हो, बाळंतपणापासून. यांना वाटायचं मी कामचुकार आहे." आणि हात पुढे करून तिनं माझ्या हातातल्या ट्रेमधली बशी घेतली.

 मी कोपऱ्यातल्या बाईंकडे पाहिलं तेव्हा त्या मान खाली घालून पोहे खात होत्या, आणि पोह्यांत पाणी पडत होतं.

लग्न झालं. पूर्वाला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी सुरुवातीपासून गोळी वाढवली, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासलं. मुलगी झाली. जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तिचीही तपासणी केली, सगळं ठीक निघालं. बाईंनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी फोन कानापासून हातभर लांब धरला होता आणि स्वयंपाकघरात माझ्या सुनेलाही ऐकू गेलं. शेवटी म्हणाल्या, "आत्ता ठीक आहे. पुढे बघू. बघायला आम्ही आहोत ना."

निवृत्तीनंतर बाईंनी इंदिरानगरचा फ्लॅट भाड्यानं दिला आणि येवल्याला बहिणीजवळ राहायला गेल्या. मी मुलाकडे पुण्याला जायच्या आधी त्यांना भेटून आले. परतताना त्या मला स्टँडवर सोडायला आल्या. उन्हं कलली होती. नाशिकची गाडी लागलेली होती, मी चढून खिडकीशी बसले. बाई खाली उभ्या राहून मला पुण्याच्या हवेबद्दल ठाम, निराधार सल्ले देत होत्या.

बोलता बोलता त्यांचं लक्ष बाकावर गेलं. तिथे एक बाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. तिशीतली असेल. गळा पुढून फुगलेला, तो पदरानं झाकायची तिची सवय दिसत होती. आहेर बाईंनी मला हातानं थांबा अशी खूण केली, तिच्याकडे गेल्या आणि तिच्याशेजारी बाकावर बसल्या. पेरू घेतले नाहीत. काहीतरी विचारलं. इतक्या हळू की मला खिडकीतून ऐकू आलं नाही.

ती बाई आधी नाही नाही म्हणून मान हलवत होती. कंडक्टरनं बेल दिली, गाडी हलली. मी वळून पाहत राहिले. तिनं पदर जरा बाजूला केला, बोटं गळ्याशी नेली आणि बोलायला लागली. बरंच काही सांगत होती. आहेर बाई बसून ऐकत होत्या.